इंग्रजी उच्चारशैलींचे आकर्षण : सौंदर्य ध्वनीचे की समाजाचे?

सारांश :
इंग्रजी भाषा जगाच्या अनेक भागांत बोलली जाते आणि प्रत्येक भागात तिचा उच्चार निराळा आहे. यांपैकी काही उच्चारशैली श्रोत्यांना भारदस्त वाटतात, काही जिव्हाळ्याच्या वाटतात, तर काही कर्कश किंवा अडाणी वाटतात. ही पसंती-नापसंती ध्वनींच्या अंगभूत गुणांतून निर्माण होते की समाजातील प्रतिष्ठेच्या उतरंडीतून, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात समाजभाषाविज्ञानातील संशोधनाच्या आधारे करण्यात आला आहे. ब्रिटन व अमेरिका येथील अभ्यास मुख्यत्वे विचारात घेतले असून, अखेरीस महाविद्यालयीन अध्यापन व मूल्यमापनाच्या संदर्भात त्यांचा अर्थ स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : उच्चारशैली, प्रमाण उच्चारण, प्रतिष्ठा, आत्मीयता, भाषिक पूर्वग्रह, सुबोधता.

प्रस्तावना :
कोणतीही भाषा बोलताना माणूस केवळ आशय सांगत नाही. आपण कोणत्या प्रदेशातून आलो, कोणत्या थरात वाढलो, किती शिकलो हेही त्याच्या बोलण्यातून नकळत कळत असते. मराठीत 'हेल काढून बोलणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. बोलणाऱ्याचा हेल ऐकताच तो कोकणातला की वऱ्हाडातला, हे ऐकणारा ताडतो. इंग्रजीत ज्याला 'ॲक्सेंट' म्हणतात त्यात या हेलाबरोबरच स्वर-व्यंजनांचे उच्चार, आघात आणि लय यांचाही समावेश होतो. येथे त्यासाठी 'उच्चारशैली' हा शब्द योजला आहे. उच्चारशैली आणि बोली यांत भेद आहे. बोलीमध्ये शब्दसंग्रह व व्याकरणही वेगळे असते, तर उच्चारशैलीत केवळ उच्चारण वेगळे असते. एकच प्रमाण इंग्रजी वाक्य स्कॉटिश, आयरिश, ऑस्ट्रेलियन वा भारतीय उच्चारशैलीत बोलता येते.

अशी वाक्ये ऐकणाऱ्यांच्या मनात तत्काळ मते तयार होतात. एक आवाज बुद्धिमान वाटतो, दुसरा प्रामाणिक, तिसरा गावंढळ. ही मते नोकरीच्या मुलाखतीत, न्यायालयात आणि वर्गात परिणाम घडवितात. म्हणूनच ती कोठून येतात हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रतिष्ठित उच्चारणाची घडण :
इंग्लंडमध्ये एकच एक 'योग्य' उच्चार असावा ही कल्पना फार प्राचीन नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला जोर आला. टॉमस शेरिडन यांची वक्तृत्वकलेवरील व्याख्याने १७६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जॉन वॉकर यांचा उच्चारकोश १७९१ मध्ये निघाला. व्यापार व उद्योग यांमुळे वर आलेल्या नव्या मध्यमवर्गाला वरच्या वर्गात मिसळण्यासाठी उच्चार सुधारण्याची गरज भासू लागली होती, आणि अशा ग्रंथांनी ती भागविली.

एकोणिसाव्या शतकात 'पब्लिक स्कूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात मात्र भरमसाट शुल्क घेणाऱ्या निवासी शाळांनी या उच्चाराला पक्के रूप दिले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील उच्चवर्गीय मुले तेथे एकत्र वाढत आणि प्रादेशिक खुणा पुसलेला एकसारखा उच्चार घेऊन बाहेर पडत. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात या उच्चाराला शाळांवरूनच नाव दिले होते. १९२६ च्या आवृत्तीत त्यांनी 'रिसीव्हड प्रनन्सिएशन', संक्षेपाने आर.पी., ही संज्ञा स्वीकारली. त्याच वर्षी बीबीसीने उच्चारविषयक सल्लागार समिती नेमली. कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष होते आणि पुढे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी हे पद भूषविले. आकाशवाणीच्या लहरींवरून घराघरांत पोचलेला हा उच्चार अधिकाराचा आवाज बनला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचू लागले, तेव्हा श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच, शब्द तेच, पण उच्चार बदलताच तिचे वजन कमी झाल्यासारखे अनेकांना वाटले.

शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे व लंडनमधील प्रयोग १९१४ मध्ये झाला. फुले विकणारी मुलगी उच्चार बदलून उमरावांच्या मेजवानीत खपून जाते, हे त्याचे कथासूत्र. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' या नावाने त्याचे मराठी रूपांतर रंगभूमीवर आणले. लंडनच्या बोलीवर आधारलेले नाटक मराठीत इतके सहज रुजले, कारण 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्याला हिणवणारी उतरंड मराठी समाजालाही परिचित होती.

आकर्षणाचे मोजमाप :
उच्चारशैलीविषयीची मते मोजताना एक अडचण येते. दोन निरनिराळ्या व्यक्तींचे आवाज ऐकवले, तर श्रोत्याला आवडलेला भाग उच्चाराचा की आवाजाच्या पोताचा, हे ठरविता येत नाही. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये माँट्रियल येथील अभ्यासात यावर उपाय शोधला. एकाच द्वैभाषिक व्यक्तीकडून तोच मजकूर इंग्रजीत व फ्रेंचमध्ये वाचून घेण्यात आला आणि दोन्ही आवाज निरनिराळ्या व्यक्तींचे आहेत असे भासवून श्रोत्यांकडून गुण घेण्यात आले. 'मॅच्ड गाइज' या नावाने हे तंत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी आवाजांना बऱ्याच गुणांबाबत वरचे स्थान मिळाले, आणि विशेष म्हणजे फ्रेंच भाषक श्रोत्यांनीही ते दिले. प्रबळ गटाची मूल्ये दुर्बल गटही स्वीकारतो, ही बाब त्यातून पुढे आली.

हेच तंत्र हॉवर्ड जाइल्स यांनी ब्रिटनमधील उच्चारशैलींसाठी वापरले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आर.पी. अग्रस्थानी, तर बर्मिंगहॅमसारख्या औद्योगिक शहराची उच्चारशैली तळाशी आढळली. पुढे निकोलस कूपलंड व हायवेल बिशप यांनी बीबीसीच्या २००४ मधील सर्वेक्षणाच्या आधारे पाच हजारांहून अधिक लोकांची ३४ उच्चारशैलींविषयीची मते तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात 'प्रतिष्ठा' आणि 'सामाजिक आकर्षकता' या दोन मापांवर स्वतंत्र गुण देण्यात आले होते.

या दोन मापांचा भेद महत्त्वाचा आहे. 'राणीची इंग्रजी' म्हणून ओळखला जाणारा उच्चार प्रतिष्ठेत अगदी वर होता, परंतु आकर्षकतेत तो खाली आला. दक्षिण आयरिश व स्कॉटिश उच्चारशैली आकर्षकतेत वरच्या गटात होत्या. स्वतःसारख्या उच्चारालाही लोकांनी भरघोस गुण दिले. बर्मिंगहॅमची उच्चारशैली आणि आशियाई वळणाची इंग्रजी मात्र तळाच्या गटात राहिल्या. ज्याला आपण आदर देतो त्याच्याविषयी आत्मीयता वाटेलच असे नाही, हे यावरून दिसते.

अमेरिकेत डेनिस प्रेस्टन यांना असेच चित्र आढळले. मिशिगनमधील लोक आपली इंग्रजी सर्वांत शुद्ध मानतात आणि दक्षिणेकडील राज्यांच्या इंग्रजीला शुद्धतेत खालचे स्थान देतात. दक्षिणेकडील लोक शुद्धतेबाबत फारसा दावा करीत नाहीत, परंतु आपली भाषा अधिक गोड असल्याचे मानतात. एका गटाने शुद्धता राखली, दुसऱ्याने गोडवा, अशी जणू ही वाटणी आहे.

अंगभूत सौंदर्याचे मत आणि त्याची परीक्षा :
काही ध्वनी मुळातच मधुर असतात व प्रतिष्ठित उच्चार त्या माधुर्यामुळेच वर आला, असे एक लोकप्रिय मत आहे. याउलट, सत्ताधारी वर्गाचा उच्चार म्हणून तो समाजावर लादला गेला व नंतर सुंदर वाटू लागला, असे दुसरे मत आहे. या दोन मतांची कसोटी घेण्यासाठी जाइल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा मार्ग निवडला. ज्यांना ती भाषाच ठाऊक नाही अशा श्रोत्यांना तिच्या विविध उच्चारशैली ऐकवल्या. सौंदर्य ध्वनीत असेल तर परक्या श्रोत्यालाही ते जाणवायला हवे.

ग्रीक भाषकांच्या दृष्टीने अथेन्सचा उच्चार प्रतिष्ठित, तर क्रीट बेटाचा ग्रामीण मानला जातो. ग्रीक न जाणणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना मात्र दोहोंत असा भेद करता आला नाही. हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच न जाणणाऱ्या वेल्समधील श्रोत्यांना युरोपीय फ्रेंच व कॅनडातील श्रमिकांची फ्रेंच यांतही उच्च-नीच भाव जाणवला नाही. कॅनडातील फ्रेंच भाषकांच्या मनात मात्र हा भाव स्पष्ट असतो. अंगभूत सौंदर्याच्या मताला यामुळे मोठा धक्का बसला.

दुसरा पुरावा एकाच ध्वनीचा आहे. इंग्रजीत 'कार' या शब्दाच्या शेवटचा 'र' इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात ऐकू येत नाही. तेथे 'काऽ' असा दीर्घ स्वर उरतो, आणि 'र' स्पष्ट उच्चारणे हे नैर्ऋत्य इंग्लंडमधील ग्रामीण बोलण्याचे लक्षण समजले जाते. न्यू यॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर नेमके उलट घडले. तेथे 'र' उच्चारणे प्रतिष्ठेचे ठरले. विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये तेथील तीन दुकानांत विक्रेत्यांना अशी वस्तू विचारली की उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द यावेत. उंची दुकानात सुमारे ६२ टक्के, मध्यम दुकानात ५१ टक्के आणि स्वस्त दुकानात सुमारे २० टक्के विक्रेत्यांच्या बोलण्यात हा 'र' कमी-अधिक प्रमाणात ऐकू आला. जो ध्वनी अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर गावंढळ, तोच दुसऱ्या किनाऱ्यावर प्रतिष्ठित. अशा स्थितीत सौंदर्याचे मूळ ध्वनीत शोधणे अवघड होते.

मग आकर्षण निर्माण कसे होते? पीटर ट्रडगिल व जाइल्स यांनी सामाजिक साहचर्याकडे लक्ष वेधले. उच्चार ऐकताच तो बोलणाऱ्या समूहाची, प्रदेशाची प्रतिमा मनात जागी होते. डेव्हन, कॉर्नवॉल अशा भागांच्या उच्चाराबरोबर शेते, समुद्रकिनारे व सुटीचे दिवस आठवतात. बर्मिंगहॅमच्या उच्चाराबरोबर कारखाने व धूर. श्रोता चित्राला गुण देतो, पण ते गुण आपण ध्वनीला दिले असे त्याला वाटते. ज्याच्या मनात ते चित्रच नाही, त्या परदेशी श्रोत्याला बर्मिंगहॅमचा उच्चार कुरूप वाटण्याचे कारण उरत नाही.

प्रतिष्ठा बदलते :
मूल्य समाजातून येत असेल तर समाज बदलल्यावर तेही बदलले पाहिजे. इंग्लंडमध्ये तसे काही अंशी झालेले दिसते. १९४४ च्या शिक्षण कायद्यामुळे माध्यमिक शिक्षणाची दारे खुली झाली, आणि साठच्या दशकात बीटल्सच्या यशाने लिव्हरपूलचा उच्चार तरुणांच्या आवडीचा झाला. लंडनच्या परिसरात आर.पी. व श्रमिकांचा उच्चार यांच्या मधले एक रूप पसरू लागले. डेव्हिड रोझवॉर्न यांनी १९८४ मध्ये त्याला 'एस्च्युअरी इंग्लिश' असे नाव दिले. राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांचे जोनाथन हॅरिंग्टन व सहकाऱ्यांनी केलेले विश्लेषण २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नासच्या दशकातील त्यांचे स्वर ऐंशीच्या दशकापर्यंत सर्वसामान्य दक्षिण इंग्लंडच्या उच्चाराकडे सरकले होते. खुद्द राणीही 'राणीच्या इंग्रजी'पासून काहीशी दूर गेली होती.

ऑस्ट्रेलियात ए. जी. मिचेल व आर्थर डेलब्रिज यांनी १९६५ मध्ये रांगडा, सर्वसाधारण व संस्कारित असे उच्चाराचे तीन स्तर दाखविले. यांतील संस्कारित स्तर ब्रिटिश उच्चाराच्या जवळचा होता. ऑस्ट्रेलियाची स्वतंत्र ओळख दृढ होत गेली, तसतसे या स्तराचे आकर्षण ओसरले.

तथापि हा बदल मर्यादित आहे. लंडनमधील क्वीन मेरी विद्यापीठाच्या अभ्यासगटाने जाइल्स यांच्या सर्वेक्षणाची सुमारे पन्नास वर्षांनी पुनरावृत्ती केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुनी उतरंड बव्हंशी कायम असल्याचे दिसले. भारतीय, आफ्रो-कॅरिबियन व औद्योगिक शहरांच्या उच्चारशैली अद्याप खालच्या स्थानी आहेत.

पूर्वग्रहाचे परिणाम :
आवड-निवड ही वैयक्तिक बाब म्हणून सोडून देता आली असती, परंतु तिचे परिणाम व्यक्तीपुरते राहत नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन डिक्सन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात पोलीस चौकशीचे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले. संशयित बर्मिंगहॅमच्या उच्चारात बोलला तेव्हा श्रोत्यांनी त्याला अधिक दोषी मानले. जाइल्स यांच्या १९७३ च्या प्रयोगाचे चित्र थोडे निराळे आहे. फाशीच्या शिक्षेविरुद्धचा एकच युक्तिवाद विविध उच्चारांत ऐकविल्यावर आर.पी.तील युक्तिवाद श्रोत्यांना दर्जेदार वाटला, परंतु त्यांचे मत वळविण्यात प्रादेशिक आवाज अधिक यशस्वी ठरले. भारदस्तपणा आणि विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेही सिद्ध होते.

अध्यापकांच्या दृष्टीने डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. अमेरिकन विद्यार्थ्यांना मूळ इंग्रजी भाषक स्त्रीच्या आवाजातील एकच व्याख्यान ऐकविण्यात आले. एका गटाला त्याबरोबर श्वेतवर्णीय स्त्रीचे, तर दुसऱ्या गटाला आशियाई स्त्रीचे छायाचित्र दाखविण्यात आले. आशियाई चेहरा पाहणाऱ्या गटाचे आकलन कमी भरले. म्हणजे नसलेली परकी उच्चारशैलीही कानांना 'ऐकू' येते आणि प्रत्यक्ष आकलनात अडथळा आणते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच अडचण पूर्वग्रहाची नसते. शिरी लेव्ह-आरी व बोआझ कीसार यांनी २०१० मध्ये दाखविले की परकी उच्चारशैली समजून घ्यायला अधिक श्रम पडतात आणि त्या श्रमामुळे विधान कमी विश्वसनीय वाटते. मात्र मरे मन्रो व ट्रेसी डरविंग यांच्या १९९५ च्या अभ्यासानुसार उच्चारातील परकेपणा आणि सुबोधता या वेगळ्या बाबी आहेत. ठळकपणे परक्या वाटणाऱ्या उच्चारातील वाक्येही श्रोत्यांना बहुधा पूर्णपणे समजली होती.

मराठी भाषकांची इंग्रजी आणि अध्यापकाची जबाबदारी :
मराठी भाषकाच्या इंग्रजीला तिची स्वतःची घडण आहे. इंग्रजीतील दोन निराळे ध्वनी मराठीच्या एकाच 'व'मध्ये सामावले जातात. 'ट' व 'ड' मूर्धन्य होतात. घर्षक ध्वनीच्या जागी महाप्राण 'थ' येतो. इंग्रजीत शब्दारंभी आघातयुक्त 'प', 'ट', 'क' यांच्यासोबत हवेचा झोत असतो, तो मराठी भाषकाच्या उच्चारात नसतो. त्यामुळे ब्रिटिश श्रोत्याला 'पिन'च्या जागी 'बिन' ऐकू येण्याची शक्यता असते. शिवाय मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्याने इंग्रजी शब्दांतील आघात चुकण्याचा संभव असतो. ही वैशिष्ट्ये मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून नियमाने येतात. ती आळसाची वा अज्ञानाची चिन्हे नव्हेत.

भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवर आर. के. बन्सल यांचा प्रबंध हैदराबादच्या केंद्रीय संस्थेतून १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुबोधतेचा प्रश्न सौंदर्याच्या प्रश्नापासून वेगळा काढून अभ्यासता येतो, हे अशा संशोधनाने भारतीय अध्यापकांपुढे ठेवले. २००० नंतरच्या दशकात कॉल सेंटर व्यवसायाने मात्र 'ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन'चे वर्ग चालविले, आणि आता बोलणाऱ्याचा उच्चार तत्क्षणी बदलणाऱ्या संगणकप्रणाली बाजारात आल्या आहेत. यात ज्याला 'तटस्थ' म्हटले जाते तो उच्चार ग्राहकाच्या परिचयाचा असतो, इतकेच. कोणताही उच्चार तटस्थ नसतो.

महाविद्यालयात हा प्रश्न अधिक जवळचा होतो. तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील सादरीकरण, प्रवेशाच्या व नोकरीच्या मुलाखती यांत इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा सफाईदार उच्चार आणि ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याचा मराठी वळणाचा उच्चार शेजारी शेजारी ऐकू येतात. पहिल्याला आपोआप बुद्धिमत्तेचे श्रेय मिळते आणि दुसऱ्याच्या बरोबर उत्तराकडेही साशंकतेने पाहिले जाते. मराठीतही 'न' व 'ण' यांचा भेद न करणारा, किंवा वऱ्हाडीप्रमाणे 'केळं'ऐवजी 'केयं' म्हणणारा विद्यार्थी हाच अनुभव घेतो. असा विद्यार्थी हळूहळू वर्गात बोलणेच थांबवतो. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. क्वीन मेरी विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये विधी क्षेत्रातील उमेदवारांच्या नमुना उत्तरांचे मूल्यमापन तेथील व्यावसायिकांकडून करून घेतले. उच्चार कोणताही असला तरी सखोल व उथळ उत्तरांतील फरक त्यांनी ओळखला. आशयाचे निकष स्पष्ट असले व परीक्षक आपल्या विषयात तयार असला, तर कानाचा कौल बाजूला ठेवता येतो. त्यादृष्टीने तोंडी परीक्षेत आशय व सुबोधता यांचे गुण वेगळे ठेवणे, निकष आधी लिहून काढणे आणि 'उच्चार चांगला' असा मोघम शेरा टाळून नेमका कोणता ध्वनी वा आघात समजण्यास अडचणीचा ठरला हे सांगणे उचित ठरेल.

निष्कर्ष :
१. इंग्रजी उच्चारशैलींचे आकर्षण मुख्यत्वे सामाजिक साहचर्यातून येते. भाषा न जाणणाऱ्या श्रोत्यांवरील प्रयोग व 'र' ध्वनीची दोन देशांतील परस्परविरोधी प्रतिष्ठा यांवरून हे स्पष्ट होते.
२. प्रतिष्ठा व आत्मीयता ही आकर्षणाची दोन स्वतंत्र अंगे आहेत.
३. प्रतिष्ठित उच्चार इतिहासात घडतो व बदलतो, परंतु उतरंड सावकाश बदलते.
४. सुबोधता हे अध्यापनाचे रास्त उद्दिष्ट आहे. परकी उच्चारशैली समूळ पुसणे हे तसे उद्दिष्ट मानता येत नाही.

उच्चार आवडणे वा न आवडणे टाळता येणार नाही, कारण ती सवय बालपणापासून जडलेली असते. मात्र ती सवय गुणदानाच्या वेळी निर्णय घेऊ लागली, तर विद्यार्थ्याच्या ज्ञानाऐवजी त्याच्या जन्मस्थानाचे मूल्यमापन होते. ते टाळणे पूर्णतः अध्यापकाच्या हाती आहे.